पाहणे आणि करणे : पूर्व आशियाई कलासंग्रहालयांतील कार्यशाळांविषयी

पूर्व आशियाई कलेला वाहिलेल्या युरोप-अमेरिकेतील संग्रहालयांच्या कार्यक्रमपत्रिका चाळल्या, तर सुलेखन, शाईचित्रण, पुष्परचना, चहाविधी असे विषय पुनःपुन्हा आढळतात. या कार्यशाळांविषयी जाणकारांत दोन मते दिसतात. काहींना ती गर्दी जमवण्याची युक्ती वाटते, तर काहींना लोकशिक्षणाचे साधन. दोन्ही पक्ष एक गोष्ट मात्र गृहीत धरतात : प्रदर्शन हे मुख्य आणि कार्यशाळा ही त्याची पुरवणी. आमचा आक्षेप या गृहीतकाला आहे. पूर्व आशियाई कलेच्या बाबतीत ही उतरंड टिकत नाही असे आम्हांस वाटते.

कारण या कलावस्तूंच्या स्वरूपातच आहे. चिनी आडवी गुंडाळी हे भिंतीवर टांगण्याचे चित्र नव्हे. ती हातात धरून उजवीकडून डावीकडे, एका वेळी हातभर, अशी उलगडत जायची असते. मागचे गुंडाळत पुढचे पाहायचे असते. म्हणजे हे पाहणे वाचनासारखे काळात घडते. नंतरचे मालक आणि रसिक तिच्यावर आपल्या मुद्रा उमटवीत, शेवटी अभिप्राय लिहीत. ते सारे त्या कृतीचाच भाग होऊन जाई. जपानी चहाचा वाडगा तर ओंजळीत घेण्यासाठीच घडवलेला. पाहुणा तो हातात फिरवून, दर्शनी बाजू टाळून चहा पितो. नंतर वाडगा निरखतो, तळाची कडही न्याहाळतो. त्याचे वजन, ऊब, ओठाला लागणारी कड हे त्याच्या सौंदर्याचेच घटक आहेत. काचेच्या कपाटात आपल्याला उरते ती केवळ त्याची बाह्याकृती.

संग्रहालयाला याहून वेगळे काही करता येणेही कठीण. कागद आणि रेशीम प्रकाशाने झिजतात. म्हणून अशी चित्रे थोडे महिनेच मांडून पुन्हा अंधारात ठेवावी लागतात. जतन करायचे तर हाताळू द्यायचे नाही आणि हाताळल्याखेरीज तर कळायचे नाही, असा हा पेच आहे. कार्यशाळेचे खरे स्थान या पेचात आहे. मूळ वस्तू हाती देता येत नाही, म्हणून ती जिच्यातून जन्मली ती कृती हाती द्यायची.

ही कला मुळात मेळाव्यांतून वाढलेली आहे, हेही विसरता येत नाही. चिनी सुलेखनातील सर्वांत ख्यातनाम लेखन म्हणजे वांग शीझी याने इ. स. ३५३ मध्ये लिहिलेली लानथिंग काव्यसंग्रहाची प्रस्तावना. वसंतात ओढ्याकाठी मित्र जमले, पाण्यावर मद्याचे पेले सोडले गेले. पेला ज्याच्यापुढे थांबेल त्याने कविता करावी, नाहीतर प्यावे. त्या दिवशीच्या कवितांना वांग शीझीने ही प्रस्तावना लिहिली. मूळ प्रत नष्ट झाली. परंपरा पुढे चालली ती नकला करणाऱ्या हातांनी. नक्कल करणे हाच जिथे वाचनाचा एक मार्ग होता, तिथे ‘आधी पाहा, मग जमल्यास करा’ हा क्रमच उपरा ठरतो.

तरीही आक्षेपकांची भीती निराधार नाही. कोलोन येथील पूर्व आशियाई कलासंग्रहालय १९१३ मध्ये उघडले. अडोल्फ फिशर आणि फ्रीडा फिशर या दांपत्याचा आग्रह असा होता की चीन, जपान, कोरिया येथील कलाकृती मानववंशशास्त्राच्या दालनात कुतूहलाच्या वस्तू म्हणून न ठेवता कला म्हणून मांडाव्यात. पुढच्याच वर्षी अडोल्फ निवर्तले आणि धुरा फ्रीडांकडे आली. त्यांचे दुसरे पती ज्यू वंशाचे होते. नाझी राजवटीत, १९३७ मध्ये, त्यांना संग्रहालयातून दूर करण्यात आले. जुनी इमारत महायुद्धातील बाँबवर्षावात गेली. १९७७ मध्ये कुनिओ माएकावा यांनी रचलेल्या नव्या वास्तूत संग्रहालय पुन्हा उभे राहिले. ‘हे कुतूहल नव्हे, कला आहे’ हे सांगण्यासाठी एवढी किंमत मोजली गेली असेल, तर मागच्या दाराने ते कुतूहल परत येऊ नये याची काळजी घ्यायलाच हवी.

ते कसे परत येते याचा नमुना २०१५ साली बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात दिसला. क्लोद मोने याने १८७६ मध्ये रंगवलेल्या, किमोनो ल्यालेल्या पत्नीच्या चित्रापुढे प्रेक्षकांनी तसाच किमोनो अंगावर घालून छायाचित्र काढावे, असा उपक्रम होता. त्यावर निदर्शने झाली. त्यांना विरोध करणारेही पुढे आले, त्यांत जपानी लोकही होते. अखेर किमोनो फक्त हाताळावा, घालू नये, असे संग्रहालयाने ठरवले. ज्या संग्रहालयात शतकापूर्वी ओकाकुरा काकुझो यांनी चिनी-जपानी विभाग सांभाळला होता, तिथेच हे घडावे, हा दैवदुर्विलास. किमोनो घालणे हा गुन्हा खचितच नव्हे. पण तो कसा विणतात, त्यावरील आकृती काय सांगतात, मोनेच्या पॅरिसला त्याचे वेड का लागले, यांतले काही त्या छायाचित्राने कळत नव्हते.

म्हणून कसोटी एकच : येणाऱ्याने घरी काय नेले? सुलेखनाच्या एका कार्यशाळेत त्याला त्याचे नाव चिनी अक्षरांत लिहून मिळते. ही अक्षरे निव्वळ ध्वनीसाठी जुळवलेली. त्यांचा अर्थ त्याला ठाऊक नसतो. दुसऱ्या कार्यशाळेत तो शाईची कांडी पाण्यात उगाळतो, कुंचला उभा धरतो आणि ‘योंग’ हे एकच अक्षर गिरवतो. ‘शाश्वत’ या अर्थाचे हे अक्षर, सुलेखनाच्या आठ मूलभूत फटकाऱ्यांसाठी परंपरेने गिरवले जाते. लानथिंगच्या प्रस्तावनेचा आरंभही त्यानेच होतो. त्याची रेघ फसते. कागद शाई तत्काळ पितो, दुरुस्तीला वाव नसतो. दोन तासांत सुलेखन येत नाही, हे आक्षेपकांचे म्हणणे अगदी खरे आहे. पण न जमलेली ती रेघच त्याची नजर बदलते. नंतर दालनात तो अक्षराचा आकार पाहून थांबत नाही. हात कुठे थबकला, कुठे वेगावला, हे शोधू लागतो.

मराठीच्या अध्यापकांना याचे काय, असे कोणी विचारील. शिरीष पै यांच्यामुळे हायकू मराठीत रुजला आणि आज तो आपल्या वर्गांत तीन ओळींची व्याख्या म्हणून शिकवला जातो. जपानीत तो बहुधा एकाच उभ्या ओळीत लिहितात, कित्येकदा चित्राशेजारी, कुंचल्याने. त्या ओळीभोवतीची कोरी जागाही वाचायची असते. हे फळ्यावर सांगून पटत नाही. विद्यार्थ्याने एकदा शाईने एक उभी ओळ लिहून पाहावी. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहांतून आलेल्या चिनी-जपानी वस्तू आहेत. सहल न्यायचीच तर त्यानंतर न्यावी. काच तेव्हाही मध्ये असेलच. पण पलीकडच्या वस्तूला काय विचारायचे, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असेल.