भुताचा चेहरा कशासाठी?

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आम्हां चार मित्रमैत्रिणींचा तीन मिनिटांचा भयपट दाखवला गेला. शेवटच्या क्षणी पडद्यावर भूत आले आणि सभागृहात प्रचंड हशा पिकला. मागच्या बाकांवरून कोणीतरी 'अगं, केस विंचर आधी!' असे ओरडले, तेव्हा हशाची दुसरी लाट उसळली. त्या संध्याकाळी विनोदी नाटुकल्यालाही एवढी दाद मिळाली नव्हती. आम्ही चौघे भिंतीला टेकून उभे होतो. दिवे लागू नयेत, एवढीच आमची त्या वेळी प्रार्थना होती.

पुढे काही दिवस आम्ही प्रेक्षकांना दोष देऊन पाहिला. 'आपल्याकडे भयपट पाहायची संस्कृतीच नाही' वगैरे वाक्ये कँटीनमध्ये बोलून झाली. पण प्रांजळपणे सांगायचे तर तो हशा योग्यच होता. तो का योग्य होता याचा शोध घेताना मी जगभरचे दोन-तीन मिनिटांचे पुष्कळ भयपट पाहिले. त्यातून माझे जे मत बनले ते गुरुजनांसमोर आणि मित्रांसमोर मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

सुरुवातीलाच एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. दोन-तीन मिनिटांत पात्र उभे राहत नाही, कथानक फुलत नाही, मग याला कलाकृती म्हणायचे की करमणुकीचा एक प्रकार, असे आमच्या एका सरांनी विचारले होते. प्रश्न रास्त आहे. पण इतिहास पाहिला तर भयपट जन्माला आला तोच मुळी तीन मिनिटांचा. जॉर्ज मेलिएस या फ्रेंच जादूगाराने १८९६ मध्ये सैतानाच्या वाड्याचा एक छोटा मूकपट तयार केला. अनेक अभ्यासक त्यालाच पहिला भयपट मानतात. त्यात वटवाघूळ उडत येते आणि त्याचा सैतान होतो. युक्ती साधी होती. कॅमेरा जागचा न हलवता थांबवायचा, समोरची वस्तू बदलायची आणि पुन्हा सुरू करायचा. मेलिएसला लोकांना घाबरवण्यापेक्षा चकित करायचे होते, ही गोष्ट निराळी. परंतु एक स्थिर चौकट आणि तिच्यात अचानक झालेला एक बदल, हे या प्रकाराचे मूळ भांडवल त्या दिवसापासून आजपर्यंत तेच आहे.

आता अलीकडचे उदाहरण घेऊ. २०१३ साली डेव्हिड सँडबर्ग या स्वीडिश तरुणाने एका ऑनलाईन स्पर्धेसाठी 'लाइट्स आउट' नावाचा सुमारे पावणेतीन मिनिटांचा भयपट केला. जागा त्याचे स्वतःचे घर, आणि नटी त्याची पत्नी लोट्टा लोस्टेन. संवाद एकही नाही. एक स्त्री झोपायला जाताना बाहेरच्या बोळातला दिवा मालवते. अंधार होताच बोळाच्या टोकाशी एक मनुष्याकृती उभी दिसते. ती घाबरून दिवा लावते, तर तिथे कोणी नाही. पुन्हा मालवते, आकृती आहे. पुन्हा लावते, नाही. आणि मग एकदा मालवते, तेव्हा ती आकृती अगदी जवळ आलेली असते.

एवढेच. पण या 'एवढ्यात' किती विचार आहे पाहा. ही स्त्री कोण, काय करते, तिचा स्वभाव कसा, हे आपल्याला ठाऊक नाही आणि विचारावेसेही वाटत नाही. कारण दिव्याचे बटण आपण प्रत्येकाने दाबलेले आहे. बटण दाबल्यापासून अंथरुणात शिरेपर्यंतची ती चार पावले लहानपणी आपण सर्वांनीच पळत काढलेली आहेत. पात्र उभे करायला वेळ नाही, म्हणून दिग्दर्शकाने पात्राची जागा प्रेक्षकालाच दिली. सरांच्या आक्षेपाला माझे नम्र उत्तर हेच आहे की अतिलघु भयपटात पात्र नसते असे नाही. ते खुर्चीत बसलेले असते. किंबहुना आज ते खुर्चीतही नसते. रात्री दिवा मालवून, पांघरुणात शिरून, कानांत इअरफोन घालून ते मोबाईलवर हा पट पाहत असते. पटातली स्त्रीही शेवटी पांघरूणच डोक्यावर ओढून घेते. पाहणारा आणि पाहिली जाणारी एकाच जागी येऊन पोहोचतात, हे भाग्य मोठ्या पडद्यावरच्या चित्रपटाला क्वचितच लाभते.

दृश्यशैलीकडे पाहिले तर कॅमेरा बहुतेक स्थिर आहे. प्रकाश घरातल्याच दिव्यांचा आहे. बोळ सरळ, दाराची चौकट सरळ, आणि त्या चौकटीच्या आत आणखी एक काळी चौकट. प्रेक्षकाची नजर कुठे जावी हे आधीच ठरलेले आहे, ती जाते त्या काळ्या तुकड्याकडे. तिथे काय आहे हे न सांगता तिथे बघायला लावणे, या एका गोष्टीत या शैलीचे सारे मर्म आहे असे म्हटले तर वावगे ठरू नये.

आमच्या पटात आम्ही काय केले होते? माझ्या आजोळच्या माजघरात चित्रीकरण केले. जागा उत्तम होती. पण मोबाईलच्या कॅमेऱ्याला अंधार सोसत नाही. तो आपणहून चित्र उजळवतो आणि काळोखाच्या जागी करडे दाणे दिसू लागतात. प्रकाशाचे प्रमाण आपल्या हाताने पक्के करून ठेवावे लागते, हे आम्हांला तेव्हा माहीत नव्हते. मग रात्र वाटावी म्हणून आम्ही संगणकावर सगळ्या चित्राला निळा रंग फासला. यंदा साहित्यशास्त्राच्या तासाला रसविचार शिकताना मी चपापलो. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला वर्ण दिलेला आहे. भयानकाचा वर्ण कृष्ण, आणि बीभत्साचा नील! भयानकाचा स्थायीभाव भय, तर बीभत्साचा जुगुप्सा. आम्ही माजघरातला काळा रंग पुसून निळा लावला, भुताच्या तोंडाला लाल रंग माखला आणि नकळत एका रसातून दुसऱ्या रसात जाऊन पडलो. त्यातून भय जाऊन किळस आली असती तरी एक वेळ चालले असते. पण किळसही नीट जमली नाही, म्हणून हास्य आले. भरताला आमचा मोबाईल ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु भयाचा रंग काळा हे त्याने सांगून ठेवले होते, आणि काळा म्हणजे ज्यात दिसत नाही तो.

'न दाखवणे' ही काही गरिबाची पळवाट नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. १९४२ साली हॉलिवूडमध्ये व्हॅल ल्यूटन या निर्मात्याने आणि जाक तुर्नर या दिग्दर्शकाने 'कॅट पीपल' हा कमी खर्चाचा चित्रपट केला. त्यातल्या एका प्रसंगात एक तरुणी रात्री पोहण्याच्या तलावात एकटीच आहे. पाण्यावरून परतलेला उजेड भिंतींवर हलतो, सावल्या सरकतात, गुरगुर ऐकू येते. जनावर दिसत नाही. दुसऱ्या प्रसंगात तीच तरुणी निर्मनुष्य रस्त्याने चालते आहे, मागून पावले ऐकू येतात, मग ती थांबतात, आणि एकदम फिस्सकन आवाज होतो. तो असतो येऊन थांबलेल्या बसचा! या युक्तीला पुढे 'ल्यूटनची बस' असेच नाव पडले. आजच्या पटांतला 'एकदम किंचाळणारा चेहरा' हा त्या बसचाच वंशज. फरक एवढाच की तुर्नरने आधी तो लांबलचक रस्ता चालायला लावला होता. आपण रस्ता गाळतो आणि नुसती बस अंगावर घालतो. कोणाच्याही पाठीमागे जाऊन जोराने टाळी वाजवली तर तो दचकेल. पण दचकणे निराळे आणि घाबरणे निराळे. दचकलेला माणूस दुसऱ्या क्षणी हसतो. घाबरलेला माणूस घरी गेल्यावर दिवा चालू ठेवून झोपतो.

येथे कोणी म्हणेल की 'लाइट्स आउट'च्या शेवटीही चेहरा दिसतोच की! दिसतो, आणि माझ्या मते तोच त्या पटातला सर्वांत दुबळा क्षण आहे. पण त्यानंतर जे घडते ते मात्र विलक्षण आहे. ती आकृतीच दिवा मालवते. आतापर्यंत बटण त्या स्त्रीच्या हातात होते, ते आता त्या आकृतीच्या हातात गेले. भय त्या चेहऱ्यात नसून त्या बटणात आहे. हा पट इतका गाजला की २०१६ मध्ये त्यावरून त्याच नावाचा ८१ मिनिटांचा चित्रपट निघाला, सँडबर्गनेच तो दिग्दर्शित केला आणि तो चांगला चाललाही. पण लांबी वाढली तशी उत्तरे देणे भाग पडले. आकृतीला डायना हे नाव मिळाले, पूर्वायुष्य मिळाले, आजार मिळाला. नाव मिळताच भीती एका व्यक्तीपुरती झाली. अतिलघु भयपट ही मोठ्या चित्रपटाकडे जाण्याची शिडी आहे असे आपल्यातले पुष्कळ जण मानतात. मला ते पटत नाही. लघुकथा ही काही पैशाअभावी अर्धवट सोडलेली कादंबरी नसते. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथांवर पोसलेल्या मराठी वाचकाला तरी हे निराळे सांगायला नको. थोडक्या पानांत भीती किती खोल जाऊ शकते, हे आपण त्यांच्याकडून शिकलो आहोत.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. तो केवळ कलेचा नाही.

आमच्या पटात भुताचे काम आमच्या एका वर्गमैत्रिणीने केले होते. पांढरी साडी, मोकळे केस, काजळ. हशा ओसरल्यावर सामान आवरताना तिने शांतपणे विचारले, 'मी कोण होते रे? आणि मी कशाला आले होते?' आम्हां तिघांपैकी कोणालाच उत्तर देता आले नाही. कथा लिहिताना 'भूत' म्हटल्याबरोबर आमच्या डोळ्यांपुढे केस सोडलेली बाई आली होती आणि आम्ही पुढे विचारच केला नव्हता. 'लाइट्स आउट'च्या त्या काळ्या आकृतीबद्दल हा प्रश्न पडत नाही, कारण सावलीला ओळख नसते. आमच्या भुताला मात्र ओळख होती.

ही ओळख कुठून येते? आपल्या लोकसमजुतीत भुतांचे अनेक प्रकार आहेत. मुंज झाल्यावर अकाली गेलेल्या मुलाचा मुंजा होतो. बाळंतपणात मेलेल्या स्त्रीची हडळ किंवा अळवंत होते. ज्याचे काहीतरी अपुरे राहिले तो परत येतो, असा त्यामागचा भाव. म्हणजे हडळीच्या मागे कोण उभी आहे? वेळेवर सुईण, डॉक्टर, औषध न मिळालेली एक बाई. तिचे मरण हे खरे तर गावाचे दुःख, आणि थोडीफार गावाची लाजही. ते सोसवेना म्हणून लोकांनी तिलाच भयंकर ठरवले. आणि आज आपण हातातल्या कॅमेऱ्याने तेच पुन्हा करतो, तेही तिची गोष्ट न सांगता. तिचे केस आणि तिची साडी तेवढी उचलतो. शेवटच्या चौकटीत चेहरा दाखवायचाच असा हट्ट धरला की कोणाचा तरी चेहरा लागतो. मग हाताशी सापडतो तो चेहरा ज्याला आधीच बदनाम केलेले आहे त्याचा. कलेतला आळस आणि मनातला आळस असे एकाच ठिकाणी भेटतात.

कोणी याला अतिरेक म्हणेल. तीन मिनिटांच्या गमतीत समाजशास्त्र कशाला, असेही म्हणेल. पण ज्या पटाला तीनच मिनिटे आहेत, त्यात वाया घालवायला एकही चौकट नाही. तिथे जे दाखवले ते निवडूनच दाखवले असे धरले जाणार. मोठ्या चित्रपटाला मागून सारवासारव करता येते. आपल्याला ती सोय नाही.

यंदा आम्ही पुन्हा चित्रीकरण करणार आहोत. या वेळी कथा त्या मैत्रिणीची आहे आणि तीच दिग्दर्शनही करणार आहे. माजघर तेच, कंदील एक, आणि स्वयंपाकघराकडे जाणारे दार अर्धे उघडे. निळा रंग नाही, लाल रंग नाही, किंकाळी नाही. दारामागे काय आहे हे आम्हां चौघांना ठाऊक आहे, पण ते दाखवायचे नाही असे ठरले आहे. सभागृहात पुन्हा हशा पिकलाच, तर तो आम्ही ऐकून घेऊ. मात्र जे कोणी आमच्यासारखे हातात मोबाईल घेऊन भयपट करू पाहत असतील त्यांना एकच विनंती आहे. शेवटच्या चौकटीत चेहरा घालण्याआधी तो कोणाचा आहे हे स्वतःला विचारा. उत्तर सापडले नाही, तर ती जागा काळीच राहू द्या. तिच्यात काय भरायचे ते पाहणाऱ्याला बरोबर ठाऊक असते.

— एक विद्यार्थी, तृतीय वर्ष कला