छत्तिसावा दिवस

पुण्याच्या मुक्तांगणात ३५ दिवसांचे उपचार घेऊन मंद्रूपसारख्या गावी परतणाऱ्या माणसाची खरी कसोटी छत्तिसाव्या दिवशी सुरू होते. एस.टी. स्टँड तोच, सोबती तेच, डोक्यावरचे कर्जही तेवढेच. गाव त्याला एकच उपदेश करते : 'मन घट्ट कर.' तो घसरला की निवाडाही तयार असतो : 'याला इच्छाशक्तीच नाही.' हा निवाडा तपासून पाहिला पाहिजे.

१९८६ साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने मुक्तांगण उभे केले, ते व्यसनी हा गुन्हेगार नसून रुग्ण आहे या भूमिकेवर. शरीरातील विष काही दिवसांत उतरते. विचारांची जुनी वाट मात्र तशीच राहते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी १९८५ च्या ग्रंथात दाखविले की, घसरण पहिल्या घोटाने सुरू होत नाही. आधी थकवा, भांडण किंवा अपमान येतो. मग 'एकदाच घेतली तर काय बिघडते?' हा युक्तिवाद. आणि घोट घेतल्यावर 'आता सारे संपलेच' ही निराशा. या साखळीतील कडी वेळीच ओळखणे, हेच आत्मभान. ते उपदेशाने येत नाही, सरावाने येते.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून आणखी एक गोष्ट नमूद करतो. बेकर व मर्फी यांनी १९८८ मध्ये असा सिद्धान्त मांडला की, व्यसनी माणूसही भविष्याचा हिशेब करूनच निवड करतो. परंतु त्या हिशेबातच खोट असते. व्यसनी माणसाला दूरच्या लाभाचे मोल इतरांहून फार झपाट्याने घटलेले दिसते, असे पुढील प्रयोगांत वारंवार आढळले. आजचा घोट डोंगराएवढा, मुलीचे पुढल्या वर्षीचे शिक्षण मुंगीएवढे! उद्याचे चित्र तपशिलाने डोळ्यांपुढे आणण्याचा सराव केल्यास ही दृष्टी काहीशी सुधारते, हेही दिसून आले आहे.

तथापि, आत्मभानाचा सारा भार एकट्या रुग्णावर टाकून समाजाने हात झटकणे हा अन्याय होईल. सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१ मध्ये 'ऑपरेशन परिवर्तन' हाती घेऊन हातभट्टीवाल्या कुटुंबांना पर्यायी व्यवसायाकडे वळविले. गाळणाऱ्यासाठी पर्याय शोधता येतो, तर पिणाऱ्यासाठी का नाही? राज्यघटनेचा ४७ वा अनुच्छेद मादक पदार्थांच्या सेवनाला आळा घालण्यास सांगतो; शासन मात्र दारूवरील उत्पादन शुल्कावर तिजोरी भरते. त्या उत्पन्नाचा निश्चित वाटा ग्रामीण रुग्णालयांतील प्रशिक्षित समुपदेशकासाठी आणि व्यसनमुक्तांच्या साप्ताहिक बैठकीसाठी राखून ठेवावा, अशी आमची मागणी आहे. बैठक गावातच हवी; दर आठवड्याला पुणे गाठणे मजुराला परवडत नाही.

मन घट्ट करायला सांगणे फुकट असते. विचार करायला शिकविण्यास पैसा लागतो, आणि तो दारूच्याच उत्पन्नातून आला पाहिजे.