बंदी मुलीवर नको, जाब प्रशिक्षकाला हवा

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कुबा डायव्हिंग करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. अशी बातमी आली की जालना-अंबडकडच्या घरांतून एकच सूर निघतो : "मुलींना सहलीला पाठवायचं नाही." अंगात लाइफ जॅकेट घालायला कुणी लावले होते का, पाण्यात नेणाऱ्याचे शिक्षण किती, हे कुणी विचारत नाही. धंदा चालू राहतो, बंदी मात्र मुलीवर येते.

आपल्याकडे पाण्याची भीतीसुद्धा सोयीची आहे. टंचाईत आमच्या जिल्ह्यातली मुलगी कठडा नसलेल्या विहिरीवर पाणी शेंदते, तेव्हा तिच्या जिवाची चर्चा होत नाही. त्याच विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकतो तो तिचा भाऊ. तीच मुलगी हौसेने समुद्रात उतरते म्हणाली की सगळ्यांना तिची काळजी वाटू लागते. कामासाठी धोका चालतो, आनंदासाठी चालत नाही! म्हणूनच सुरक्षिततेची मागणी आपण बायकांनीच लावून धरली पाहिजे. नाहीतर ती आपल्या वाट्याला बंदी बनूनच येते.

स्कुबात धोका आहे, पण तो शिकवता येण्याजोगा आहे. दहा मीटर खाली दाब दुप्पट असतो. तिथे छातीत भरलेली हवा रोखून धरून कुणी वर आले, तर ती फुगते आणि फुप्फुस फाटू शकते. घाबरलेला माणूस नेमका श्वासच रोखतो. म्हणून श्वास चालू ठेवणे, मास्कमधले पाणी काढणे, हाताच्या खुणा करणे हे आधी उथळ पाण्यात घटवून घ्यावे लागते. वर केलेला अंगठा म्हणजे पाण्याखाली 'छान' नव्हे, 'वर चला'. एवढेही न सांगता फोटोसाठी खाली नेणे हा गुन्हाच म्हटला पाहिजे.

१ नोव्हेंबर २०२० रोजी अमेरिकेत मोंटानातल्या लेक मॅकडोनाल्डमध्ये अठरा वर्षांची शिकाऊ मुलगी बुडाली. तिच्या ड्रायसूटमध्ये हवा भरणारी नळीच जोडलेली नव्हती. खोल जाताना सूट अंगावर आवळत गेला आणि खिशातली जड वजने तिला झटकन टाकता आली नाहीत. विद्यार्थिनीला काय ठाऊक नाही, हे ओळखणे प्रशिक्षकाचेच काम असते.

आणि तिचा नकार? १२ जुलै २०१८ रोजी कोइमतूरच्या एका महाविद्यालयात आपत्ती-प्रशिक्षणात एकोणीस वर्षांची विद्यार्थिनी दुसऱ्या मजल्यावरून उडी मारायला कचरत होती. प्रशिक्षकाने तिला ढकलले. ती खालच्या सज्जावर आपटून मेली. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने त्या प्रशिक्षकाशी आपला संबंध नसल्याचे सांगितले. बाईचे 'नको' म्हणजे भित्रेपणा किंवा लाजणे, ही समजूत इथेही जीव घेते.

गरोदरपणी स्कुबा करू नये, हा जगभर मानलेला नियम आहे. पण बोटीवर नवऱ्यासमोर, सासरच्यांसमोर मोठ्याने विचारले तर नवी नवरी काय सांगणार? दिवस, दमा, औषधे यांची चौकशी मराठीतल्या छापील अर्जावर, खाजगीत व्हायला हवी. पाण्याखाली प्रशिक्षक कुठे आणि का धरणार, हे आधी सांगायला हवे. आणि स्त्री-प्रशिक्षक वाढायला हव्यात.

महाराष्ट्राने २०२१ साली साहसी पर्यटन धोरण आणले, त्यात आयोजकांनी नोंदणी करणे आवश्यक ठरवले आहे. तेव्हा पैसे देण्याआधी नोंदणीचा कागद आणि प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र मागा. एका प्रशिक्षकामागे किती जणी, ते विचारा. 'माझ्या जबाबदारीवर' अशा सहीने कुणाचा निष्काळजीपणा माफ होत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मालवणात फसलेली बाई जालन्याच्या ग्राहक आयोगाकडे जाऊ शकते.

मैत्रिणींनो, मुलींना पाण्यापासून दूर ठेवून त्या सुरक्षित होत नाहीत. त्यांना पोहायला शिकवा, प्रश्न विचारायला शिकवा. आणि शिकवणाऱ्याला उत्तर द्यायला भाग पाडा.