भजनातील बजबजपुरी

देवास भाव हवा, सुराची त्यास काय मातब्बरी, हे वाक्य आमच्या भजनी मंडळींच्या ओठी सदैव सिद्ध असते. या एका वाक्याने जितक्या बेसुरांस अभय दिले, तितके कोणा संतानेही दिले नसेल. या वाक्यावर आमचा राग आहे, आणि तो अकारण नाही.

पोलादपूर तालुक्यातील एका वाडीत गणेशोत्सवातील एका रात्री आम्ही भजनास बसलो होतो. पोटासाठी मुंबईस गेलेली माणसे सणास गावी येतात, तेव्हा गावचे भजनी व मुंबईचे भजनी एका जाजमावर बसतात. वर्षातून एकदाच जमणारा हा मेळा आम्हांस मोलाचा वाटतो. म्हणूनच तो कसा नासला हे सांगणे प्राप्त आहे. पहिल्या गायकाची पट्टी काळी एक. पखवाज तिलाच मिळवलेला. दुसरे बुवा उठले ते म्हणाले, आमची पांढरी पाच! पेटीवाल्याचे काय, त्याने बोटे सरकवली की भागले. पखवाजाचे तसे नाही. हातोडीने गट्टे सरकवावे, गजऱ्यावर चौफेर ठोके द्यावे, तेव्हा कोठे पुडी थोडीफार चढते. काळी एकपासून पांढरी पाचपर्यंतची मजल तर एका वाद्याच्या आवाक्यातली नव्हेच. त्यास दुसरा पखवाज लागतो, आणि तो कोणी आणला नव्हता. गाणे एका स्वरात व पखवाज भलत्याच, असा संसार सुरू झाला. त्यात वीस जोड टाळ, प्रत्येकाची लय निराळी. भजनी ठेक्याच्या मात्रा आठच. पण त्या रात्री त्यांची गणती कोणासच लागेना.

एका बुवांनी एकाच गौळणीवर पाऊण तास खर्ची घातला. ध्वनिक्षेपक त्यांच्या हाती होता, व हातातील वस्तू खाली ठेवण्याची त्यांस सवय नसावी. कोपऱ्यात तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी वही मांडीवर घेऊन दहा वाजल्यापासून बसली होती. तिची पाळी दोन वाजता आली, तेव्हा निम्मे जाजम घोरत होते. कोणीतरी म्हणाले, आता आरती उरकून घ्या. तिने वही मिटली.

आम्हीही निर्दोष नव्हतो. चिडून आम्ही आमचे टाळ अधिकच जोराने वाजवले, म्हणजे गोंधळात आमचीही भर घातली. उशिराने सुचले, आणि टाळ हळू करून आम्ही वीणेच्या तारेकडे कान लावला. आश्चर्य असे, की शेजारच्या दोघांनीही तेच केले व आमच्या कोपऱ्यापुरती तरी लय सापडली.

आता कोणी म्हणेल, भजनास शिस्त कसली? वारकरी संप्रदायाकडे पाहावे. सप्ताहात पहारे वाटलेले असतात. पुढच्याने हाती घेतल्यावाचून वीणा सोडावयाची नाही, ती भुईस टेकवावयाची नाही. आधी नामघोष, मग रूपाचे अभंग, गौळण पुढे, शेवटी पसायदान, हा क्रम काय भावाच्या अभावी आला? विष्णुबुवा जोगांनी 1917 साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली ती भाव शिकवता येतो म्हणून नव्हे, भजन-कीर्तन शिकावे लागते म्हणून. इतक्या लांब जाण्याचेही कारण नाही. महाड तालुक्यातील ज्या शिवथर घळीत दासबोध सिद्ध झाला असे मानतात, ती शंकर श्रीकृष्ण देवांनी 1930 साली शोधून काढली. त्या ग्रंथाच्या चौदाव्या दशकात समर्थांनी कीर्तनाच्या लक्षणांस स्वतंत्र समास दिला आहे.

साता समुद्रापलीकडेही हेच. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतात एकमेकांचे तोंडही न पाहिलेले वादक एका बैठकीस बसतात व आयत्या वेळी वाजवतात. त्यांस ते साधते, कारण बारा आवर्तनांचा साचा आणि एक पट्टी सर्वांनी आधीच पत्करलेली असते. ज्याची पाळी नाही, तो दुसऱ्यास जागा करून देतो. जेथे हे कोणी पाळत नाही, तेथे त्यांचीही आमच्या वाडीसारखीच गत होते.

भजन सर्वांस खुले असावे, यात आम्हांस तिळमात्र शंका नाही. पण खुले म्हणजे काय? लहान गोष्टीस मोठा दाखला लावू नये हे आम्ही जाणतो, तरी महाडच्या मातीत तो आठवतोच. चवदार तळे नगरपालिकेच्या ठरावाने 1924 सालीच खुले झाले होते. ते कागदावर! अस्पृश्य मानलेल्यांस प्रत्यक्ष पाणी घेता येण्यास 20 मार्च 1927 उजाडावा लागला, डॉ. आंबेडकरांस तेथे जावे लागले. ज्या बैठकीत मोठ्या आवाजाच्या चौघांखेरीज कोणास पाळी मिळत नाही, ती नावापुरतीच खुली.

आमचे मागणे फार नाही. पट्ट्या दोनच ठरवाव्या, व एका पट्टीचे गायक सलग बसवावे. नावांची यादी आरंभीच करावी, प्रत्येकी एक अभंग. टाळकऱ्यांपैकी एकाकडे लय सोपवून इतरांनी त्याच्या मागे राहावे. यात भक्तीची कोणती हानी होते, ते कोणी बुवांनी आम्हांस समजावून द्यावे.

येत्या गणपतीत दुसरा पखवाज आम्ही घेऊन जाणार आहोत. यादीत पहिले नाव त्या मुलीचे घालावे, असेही मंडळास कळवले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.