प्रवाळांचे रक्षण कोणी करावे?

पोवळे म्हटले की आपल्याला अंगठीतील तांबडा खडा आठवतो. परंतु समुद्रात त्याची कितीतरी भावंडे जिवंत नांदत असतात. प्रवाळ हा दगड नव्हे आणि वनस्पतीही नव्हे. तो असंख्य चिमुकल्या जीवांचा समुदाय आहे. उथळ, उबदार पाण्यातील अनेक प्रवाळ चुन्याची घरे बांधतात व त्यांतूनच पुढे प्रवाळखडक तयार होतात.

त्यांपैकी काही प्रवाळ हरिणाच्या शिंगांप्रमाणे फांद्या फुटलेले असतात. त्या फांद्यांत लहान मासे आश्रय घेतात. हे प्रवाळ जितके सुंदर, तितकेच नाजूक होत. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. तेच त्यांना रंग देते व बरेचसे अन्नही पुरविते. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून एक-दोन अंशांनी अधिक तापले व काही आठवडे तसेच राहिले, की शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडतात. पाणी लवकर निवले तर ते सावरतात. न निवले तर उपासमारीने मरतात. लक्षद्वीपच्या प्रवाळांवर १९९८ साली असे संकट कोसळले आणि २०२४ साली पुन्हा.

आपल्या राज्यात मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. तेथे १९८७ साली सागरी अभयारण्य झाले. २००१ साली खडक बांधणाऱ्या प्रवाळांना कायद्याने वाघासारखेच संरक्षण दिले. हे योग्यच झाले. परंतु तेवढे पुरेसे नाही. रखवालदार तोडणाऱ्याचा हात धरू शकेल; तापणारे पाणी तो कसे अडविणार?

कोळसा व तेल जाळल्याने हवेत जो वायू साठतो, तो उष्णता कोंडून ठेवतो. त्या उष्णतेचा फार मोठा भाग समुद्र शोषून घेतो. नाशिकजवळ गोदावरीकाठी एकलहरे येथे कोळशावर वीज निर्माण होते. एकलहरे समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या अलीकडे आहे. तरीही तेथील धुराड्याचा प्रवाळांशी संबंध पोहोचतो. तेथे राबणाऱ्या कामगारांना दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. ती वीज आपल्याच घरांत व शेतांत येते.

कोणी म्हणेल, ‘एका मुलाने दिवा मालविल्याने समुद्र निवेल काय?’ नाही निवणार. सूर्य व वारा यांपासून अधिक वीज मिळविण्याचे मोठे काम शासनाचे व तज्ज्ञांचे आहे. परंतु उद्याचे तज्ज्ञ आजच्या शाळांतच बसले आहेत. जो आज विनाकारण जळणारा दिवा मालवितो, तोच उद्या मोठ्या कामाचा विचार करील. म्हणून प्रवाळांचे रक्षण हे केवळ किनाऱ्यावरच्या लोकांचे काम नव्हे. ते आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.