ताप वाढतोय, पण दोष सूर्याचा नाही

"हवामान तर पूर्वीपासूनच बदलत आले आहे, त्यात माणसाचा काय दोष?" हा मेसेज आपल्या तरुणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही फिरतो. प्रश्न विचारावाच. पण उत्तरही तपासावे.

१९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांवरील मौना लोआ येथे मोजणी सुरू केली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड सुमारे ३१५ भाग होता. आज तो ४२० च्या वर आहे. मग हा ज्वालामुखीचा कशावरून नाही? वनस्पतींपासून बनलेल्या कोळशात कार्बन-१३ कमी असतो, आणि हवेतलेही त्याचे प्रमाण घटत चालले आहे. ज्वालामुखीने तसे झाले नसते. सूर्य जास्त तापला असता, तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. तो उलट थंड होतो आहे.

कारणाचा वाद इथे संपतो. किंमत कोण मोजतो, हा मात्र संपलेला नाही. चंद्रपूर-नागपूरच्या उन्हाळ्यात एसीत बसणारे वेगळे, आणि पत्र्याच्या छताखाली राहून दुपारी बांधकामावर राबणारे वेगळे. अहमदाबादने २०१३ मध्येच उष्णता कृती आराखडा केला. आपल्या पालिकेच्या आराखड्यात आपल्या वस्तीसाठी पाणी, सावली आणि दुपारच्या कामाला सुट्टी आहे का, हे कार्यकर्त्यांनी मार्चच्या आतच जाऊन विचारावे.