सुटीतील एक दिवस दगडांसाठी

सुटी म्हणजे अभ्यासातून सुटका, अशी समजूत आपल्यामध्ये रूढ आहे. सुटीत पुस्तके मिटावीत हे आम्हांसही मान्य आहे. परंतु त्यांबरोबर डोळेही मिटावेत, हे मात्र मान्य नाही. नाताळच्या सुटीत आम्ही विद्यार्थी वडोदऱ्याहून पावागडला गेलो. त्या एका दिवसाने आमचे हे मत अधिकच दृढ झाले.

पावागडास लोक जातात ते शिखरावरील कालिकामातेच्या दर्शनासाठी, नाहीतर पायथ्याच्या चांपानेरचे अवशेष पाहण्यासाठी. १४८४ मध्ये महमूद बेगड्याने हा गड जिंकला आणि २००४ मध्ये युनेस्कोने या परिसरास जागतिक वारशाचा मान दिला, हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु ज्या डोंगरावर हा इतिहास घडला, त्या डोंगराचा इतिहास कोण विचारतो?

‘हा जुना ज्वालामुखी आहे’ एवढे ऐकून माथ्यावर त्याचे मुख शोधणारे निराश होतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून लाव्हारस पुनःपुन्हा बाहेर पडला व थरांवर थर साचले. दख्खनचे हे खडक आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहेत. ऊन, वारा व पाऊस यांनी भोवतालचे थर झिजविले; जो भाग टिकला, तो पावागड. खाली काळा बेसाल्ट दिसतो, तर माथ्याच्या उभ्या कड्यांत रायोलाइट आढळतो. तो सिलिका अधिक असलेल्या दाट, चिकट लाव्ह्यापासून बनला आहे. असा टणक मुकुट लाभल्यामुळेच हा डोंगर ताठ उभा आहे.

रज्जुमार्गाने काही मिनिटांत वर जाता येते. वृद्धांस व आजाऱ्यांस ती मोठीच सोय आहे. पण ज्यांचे पाय धड आहेत, त्यांनी निदान एक वाट तरी पायी चालावी. पाळण्यातून डोंगर ओलांडता येतो. त्याचे थर वाचता येत नाहीत.

हे ज्ञान परीक्षेपुरतेच आहे काय? नव्हे. वेरूळचे कैलास लेणे दख्खनच्या याच बेसाल्टात कोरलेले आहे. कापसाची काळी माती बहुतांशी याच खडकाच्या झिजेतून झाली आहे. आपले अन्न, वस्त्र आणि शिल्प या दगडाचे ऋणी आहेत.

आणि या ऋणाची फेड आपण कशी करतो? कातळावर रंगाने स्वतःचे नाव लिहून आणि खाऊच्या रिकाम्या पिशव्या दरीत भिरकावून! कोट्यवधी वर्षांच्या खडकास आपल्या नावाने कोणती शोभा येणार?

म्हणून आमची सूचना अशी की, शाळेच्या प्रत्येक सहलीत एक तास खडकांसाठी राखून ठेवावा. भूगोलाच्या गुरुजींनी थर दाखवावेत आणि विद्यार्थ्यांनी वहीत त्यांची आकृती काढावी. नमुन्यासाठी कडा फोडू नये. घरी ती वही आणावी आणि आपला कचराही परत आणावा. डोंगर होता तसाच मागे ठेवावा.